मोजणीच्या हरवलेल्या खुणा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात उत्तर इंग्लंडमधल्या डोंगरमाथ्यांवरच्या मोजणीच्या खांबांवर लिहिलं होतं. शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की काही हौशी मंडळी उभे खांब बघून झाले की पडलेल्या, गायब झालेल्या खांबांच्या जागा शोधायला निघतात आणि आता मीही त्यांतलाच एक झालोय. बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आली. जमतील तितक्यांना उत्तरं देतो.

नाशिकहून एक गडप्रेमी वाचक : गडावर पडका का होईना, बुरूज असतो, टाकं असतं. जिथला खांबच गेला, तिथं बघायचं काय? आणि खांब जातात तरी कुठं?

गडावर आपण गड बघायला जातो. मोजणीच्या खांबावर मात्र मोजणीवाला खांब बघायला कधीच गेला नाही. तिथं उभं राहून त्याला लांबचे दुसरे खांब बघायचे असत. खांब गेला तरी ते बघणं शिल्लक असतं. हे एक झालं. दुसरं म्हणजे पायाखालची जमीन, आणि ती समजायला मूर म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल.

आपला कोकणातला सडा चारशे-पाचशे मीटर वर उचला आणि त्यावर बारा महिने पाऊस सोडा, म्हणजे साधारण मूर होते. झाड नाही, घर नाही, हेदरची खुरटी झुडपं आणि गवत. खाली खडक लागायच्या आधी पीटाचा थर असतो, म्हणजे पुरतं न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा काळा, पाण्यानं फुगलेला लगदा. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो म्हणतात, पण हजारो वर्षांत काही ठिकाणी दोन-तीन मीटर जाड झालाय. काठी खुपसली तर मुठीपर्यंत आत जाते.

असल्या जमिनीवर १९३६ पासून ऑर्डनन्स सर्व्हेनं, म्हणजे ब्रिटनच्या मोजणी खात्यानं, काँक्रीटचे खांब उभे केले. सगळ्या ब्रिटनची मोजणी नव्यानं करायची होती, प्रमुख होते मार्टिन हॉटीन आणि खांबाचा घाटही त्यांचाच. सुमारे चार फूट उंच, बुडाशी दोन फूट चौरस, वर निमुळता होत जाणारा. माथ्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, बरोबर त्याच जागी बसावा म्हणून पितळेची तीन खाचांची चकती. एका बाजूला धातूची पट्टी, तिच्यावर क्रमांक. काम १९६२ पर्यंत चाललं आणि साडेसहा हजारांवर खांब झाले. वाळू, सिमेंट आणि पाणीसुद्धा माणसांच्या पाठीवर किंवा घोड्यांवर वर न्यायचं. तीन-तीन खांबांचे त्रिकोण धरायचे आणि त्यांचे कोन मोजायचे, अशी ही मोजणी. सगळ्यांत मोठ्या त्रिकोणांची मोजणी रात्री होई. लांबच्या डोंगरावर दिवा लावायचा आणि इकडून त्यावर दुर्बीण रोखायची. त्यासाठीचे टॅव्हिस्टॉक थिओडोलाइट यॉर्कच्या कारखान्यात बनलेले होते.

आता खांब जातात कुठं? सखल भागात नांगराखाली, नव्या रस्त्याखाली, दगडखाणीत, समुद्रकाठी कडा ढासळून. मूरवर मात्र बहुतेक वेळा पीटच दगा देतं. काही ठिकाणी खांब रुतत जातो. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या चेविअट डोंगराचा (८१५ मीटर) माथा इतका भुसभुशीत, की आधीचे खांब तिथं तगलेच नाहीत आणि आजचा खांब उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढवून ठेवलाय. पेनाइन डोंगररांगेत उलटा प्रकार दिसतो. भोवतालचं पीट धुपून जातं, पाया उघडा पडतो, मग एखाद्या हिवाळ्यात खांब कलतो आणि आडवा होतो. पुढं कुणी तो ओढून ओहोळात लोटतो, कुणी फोडतो.

त्यामुळं रिकाम्या जागेवर मी आधी बघतो ती जमिनीची पातळी. लेक-जावयाचं घर हॅलिफॅक्सला आहे. तिथून वरच्या एका मूरवर अशी एक जागा आहे. नाव देत नाही, कारण त्याच उंचवट्यावर गोल्डन प्लव्हर पक्षी घरटं करतात आणि तिथं वर्दळ व्हायला नको. सगळीकडं हेदर, आणि मधेच पलंगाएवढा गवताचा तुकडा, इतका हिरवा की डोळ्यांत भरतो. पीटाची माती आंबट, तिच्यात असलं गवत धरत नाही. पण काँक्रीटमधला चुना वर्षानुवर्षं झिरपत राहिला, तेवढ्यापुरती माती गोडावली आणि गवतानं जागा धरली. गुडघ्यावर बसून गवत बाजूला केलं तर काँक्रीटचा एक ढलपा निघाला, तळहाताएवढा. एक कड फळीनं साचा धरल्यासारखी सरळ, बाकी तीन बाजू तुटलेल्या, आणि आत नदीतले असावेत तसे गुळगुळीत गोटे. मूरवर असे गोटे आपोआप येत नाहीत. कुणीतरी ते पोत्यात भरून वर आणलेले. ढलपा जिथं होता तिथंच ठेवला.

उभी हयात भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेली. हद्दीचा दगड उपटून चार हात सरकवणारे कमी बघितले नाहीत. इथं दगड सरकवणारं कुणी नाही, कारण खांबानं कुणाच्या एक गुंठ्याचाही निवाडा होत नव्हता. तरी खांब गेला, आणि तो कशानं गेला हे त्या जमिनीवरच वाचता येतं. मला तर त्यात उभ्या खांबापेक्षा जास्त रस वाटतो. उभा खांब कुठलाही असो, जवळपास सारखाच दिसतो.

मँचेस्टरहून एक सॉफ्टवेअर अभियंता : अचूक जागा शोधायची कशी? जुन्या कागदावरचे अक्षांश-रेखांश फोनमध्ये टाकले तर फोन मला भलत्याच ठिकाणी नेतो.

भलत्याच म्हणजे साधारण १०० मीटर बाजूला, बरोबर? फोन बिघडलेला नाही. जुने ब्रिटिश अक्षांश-रेखांश ज्या गृहीत पृथ्वीगोलावर बसवलेत तो वेगळा, आणि जीपीएस ज्यावर चालतं तो वेगळा. आकडे दिसायला सारखे, पण जमिनीवर त्यांत १०० मीटरच्या आसपास अंतर पडतं. उपाय सोपा आहे. अक्षांश-रेखांशाच्या नादी लागू नका, ब्रिटिश नॅशनल ग्रिडचा, म्हणजे तिथल्या नकाशांवर आखलेल्या चौकटींचा संदर्भ वापरा. ग्रिड दाखवणारी अॅप फुकट मिळतात आणि तो हिशेब ती आतल्या आत करतात.

ग्रिड संदर्भ मिळवायचे दोन रस्ते. ऑर्डनन्स सर्व्हेनं आपल्या सगळ्या त्रिकोणमापन स्थानकांची जुनी यादी खुली केलेली आहे. त्यात नाव, पूर्व-उत्तर अंतरं, उंची आणि खुणेचा प्रकार आहे, आणि खूण नष्ट झाली असेल तर तशी नोंदही सापडते. तुम्ही अभियंते, यादी चाळणीतून काढायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट बघायला मिळतात, इंग्लंडचेसुद्धा, आणि आजच्या उपग्रहचित्राशेजारी मांडता येतात. त्रिकोण आणि मधे टिंब, ही खूण शोधायची. एका आवृत्तीत त्रिकोण आहे आणि पुढच्या आवृत्तीत नाही, की समजायचं मधल्या काळात काहीतरी झालं.

जागेवर पोचल्यावर फोन तुम्हाला पाचेक मीटरच्या वर्तुळात आणून सोडतो. पुढं डोळे आणि पाय. हिरव्या तुकड्याचं वर सांगितलंच. हेदरखाली सपाट, कडक काही लागतं का ते बुटाच्या टाचेनं चाचपायचं. उताराच्या बाजूला पन्नासेक पावलं खाली जाऊन ओहोळात बघायचं, कारण पडलेला खांब घरंगळतो किंवा घरंगळवला जातो.

माझी आणखी एक खोड आहे, तिचा उपयोग तुमच्या फोनपेक्षा कमी पण मजा जास्त. प्लेन टेबलवर, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या तिपाईवरच्या फळीवर, काम केलेल्या माणसाला तीन ओळखीच्या खुणा दिसल्या की आपण कुठं उभे आहोत ते काढता येतं. हॅलिफॅक्सजवळच्या हेब्डन ब्रिज गावाच्या आसपासच्या मूरवर खुणांना तोटा नाही. स्टूडली पाइकचा काळा मनोरा १८५६ सालचा, ३७ मीटर उंच. वायव्येला पेंडल हिलची पाठ, त्याच अंगाला बोल्सवर्थ. हवा स्वच्छ असेल तर आग्नेयेला एमली मूरचा ३३० मीटरचा काँक्रीटचा टीव्ही मनोरा. (त्याच्या आधीचा पोलादी मनोरा मार्च १९६९ मध्ये अंगावर साठलेल्या बर्फानं कोसळला होता. या डोंगरांवर काय काय टिकत नाही त्याचा हाही नमुना.) साध्या होकायंत्रानं कोन घेतलात तर एका अंशाची चूक १० किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर होते, तेव्हा होकायंत्राचा भरवसा धरू नका. त्याऐवजी नकाशावर आधीच बघून ठेवा, की खांबाच्या जागेवरून कुठल्या दोन खुणा एका ओळीत येतात. जवळच्या भिंतीचा कोपरा आणि मागचा मनोरा एकावर एक आले की तुम्ही त्या रेषेवर आलात. अशा दोन रेषा मिळाल्या तर फोन खिशात घाला.

हिंगणघाटहून एक निवृत्त शिक्षक : आमच्या गावी लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. तुम्ही लिहिता त्या डोंगरांशी त्यांचा काही संबंध?

गुरुजी, पत्र वाचून फार बरं वाटलं. संबंध आहे, आणि चांगला जवळचा. विल्यम लॅम्बटन यॉर्कशरचेच, नॉर्थॅलर्टनजवळच्या क्रॉस्बी ग्रेंजचे. त्या सपाटीवरून पूर्वेला बघितलं की नॉर्थ यॉर्क मूर्सची कडा भिंतीसारखी उभी दिसते. घरची गरिबी होती. पुढं सैन्यात गेले, हिंदुस्थानात आले आणि १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिली आधाररेषा, म्हणजे पुढचे सगळे त्रिकोण जिच्यावर उभे राहतात ती रेघ, मोजायला घेतली. आधी पूर्वेकडून पश्चिमेकडं आणि मग कन्याकुमारीपासून उत्तरेला त्रिकोणांमागून त्रिकोण. नागपूरकडं निघालेले असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडं गेलं.

लॅम्बटनचा थिओडोलाइट लंडनच्या केरीनं बनवलेला, ३६ इंची वर्तुळाचा, वजन अर्धा टन. जहाजानं येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला आणि मॉरिशसला गेला, पण तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं हे शास्त्राचं काम म्हणून मानानं मद्रासला धाडून दिला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून तो आपटला, वर्तुळ वाकलं. लॅम्बटननी दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं ते पुन्हा गोल करत बसले.

आता यॉर्कशरकडं येतो. हॅलिफॅक्सच्या दक्षिणेला ब्लॅक हिल आहे, ५८२ मीटर. तिच्या माथ्यावरच्या उंचवट्याला सोल्जर्स लंप म्हणतात, कारण तिथं लष्करी मोजणीवाल्यांचा तळ होता. १८४१ मध्ये तो उंचवटा उकरला तेव्हा आत लाकडी सांगाडा निघाला. तो ज्या यंत्रासाठी उभारला होता ते यंत्र रॅम्सडेन या कारागिरानं बनवलेला थिओडोलाइट, तोही ३६ इंची. म्हणजे भुसभुशीत पीटावर सांगाडा उभारून ही मंडळी ज्या मापाचं यंत्र बसवत होती, त्याच मापाचं यंत्र तुमच्या लॅम्बटनसाहेबांनी बैल आणि हमाल लावून वऱ्हाडच्या वेशीपर्यंत आणलं. रॅम्सडेनचं यंत्र आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

गुरुजी, एक विनंती. त्या कबरीची आजची अवस्था, वाट, आजूबाजूच्या खुणा असं सगळं वहीत उतरवून ठेवा, आणि जमलं तर मुलांकडून पावलांनी मोजून घ्या. खुणा हरवायला मूरच लागते असं नाही.

ठाण्याहून एक वाचक : पडलेल्या खांबाची पितळी पट्टी किंवा चकती सापडली तर आठवण म्हणून आणता येते का?

नाही. ती ऑर्डनन्स सर्व्हेची मालमत्ता आहे. शिवाय पट्टीवरचा क्रमांक हाच त्या खांबाचा एकमेव पुरावा असतो, तो तुमच्या दिवाणखान्यात येऊन कुणाच्या कामाचा?

उकरायचंही नाही, हे न विचारता सांगतो. खांबाखाली जमिनीत आणखी एक खूण पुरलेली असते, म्हणजे वरचा खांब गेला तरी बिंदू परत मिळावा. आपल्याकडच्या जुन्या त्रिकोणमापन स्थानकांतही दगडाखाली दगड पुरत, वर्तुळ आणि टिंब कोरलेले. ती बघायचा मोह होतो, मलाही होतो. पण इंग्लंडच्या मूरवरचे कितीतरी खांब कांस्ययुगातल्या दफनांच्या ढिगाऱ्यांवर उभे आहेत. नॉर्थ यॉर्क मूर्सचं सर्वोच्च टोक, अर्रा मूरवरचं राउंड हिल (४५४ मीटर), तसंच. संरक्षित ढिगाऱ्यावर कुदळ मारणं हा सरळ गुन्हा आहे, विनापरवाना मेटल डिटेक्टर फिरवणं हाही. फोटो काढा आणि हात मागे बांधा.

पुण्याहून एक वाचिका : सरकार हे खांब पुन्हा का उभारत नाही?

गरज उरली नाही. आज देशभर बसवलेले शंभरावर उपग्रह-संकेतग्राहक तेच काम बसल्या जागी करतात. जे खांब उभे आहेत त्यांतले पुष्कळ गिर्यारोहक मंडळांनी आणि गावकऱ्यांनी दत्तक घेतलेत, पांढरा रंग देतात, डागडुजी करतात. पडलेला पुन्हा उभारण्याच्या मी मात्र विरुद्ध आहे. चार इंच इकडंतिकडं बसवलेला खांब म्हणजे खोटी साक्ष. आमच्या खात्यात यावरून कोर्टात उभं राहायची पाळी येते.

कोल्हापूरहून एक वाचक, मुलाकडं लीड्सला जाणार आहेत, वय ६८ : मला जमेल का? परवानगी लागते का? केव्हा जावं?

जमेल. पण हरवलेल्या खांबापासून सुरुवात करू नका. आधी उभ्या खांबाची ब्लॅक हिल करा. वेसेनडेन हेडकडून येणारी पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेची वाट आता फरशीची आहे. फरशा पडक्या सूतगिरण्यांच्या जमिनीतल्या, काहींवर जुन्या यंत्रांच्या पायांची भोकं अजून दिसतात. पूर्वी हाच माथा नुसता काळा चिखल होता आणि खांबापर्यंत कोरड्या पायानं कुणी पोचत नसे. गिरण्यांच्या धुरानं दोन शतकं शेवाळ मारलं होतं, वर आगी आणि मेंढ्या. २००३ पासून हेलिकॉप्टरनं हेदरचा पालापाचोळा, चुना आणि गवताचं बी टाकून तो पुन्हा हिरवा केलाय. हे बघून मग रिकाम्या जागांकडं वळा, म्हणजे नजर तयार झालेली असेल.

परवानगीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्यानं बहुतेक मूर पायी हिंडायला खुल्या आहेत, खासगी असल्या तरी. हा हक्क आयता मिळालेला नाही. एप्रिल १९३२ मध्ये किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो तरुण मुद्दाम मालकांच्या हद्दीत घुसले, काही तुरुंगात गेले, त्यानंतर इतकी वर्षं लागली. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर मालिकेच्या नकाशावर खुला भाग फिकट पिवळ्या रंगात असतो. लीड्स-हॅलिफॅक्सच्या पश्चिमेसाठी ओएल २१ क्रमांकाचा घ्या, ब्लॅक हिलसाठी ओएल १. मालक वर्षातून काही दिवस मूर बंद ठेवू शकतो, तेव्हा वेशीवरची पाटी वाचा. १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत ग्राउस या मूरवरच्या पक्ष्याची शिकार चालते. त्या दिवसांत लांबून बंदुका ऐकू आल्या तर सरळ मागे फिरा, वाद घालू नका.

मार्च ते जुलै पक्षी जमिनीवर अंडी घालतात. या काळात कुत्रा आखूड दोरीवरच ठेवायचा असा कायदाच आहे, आणि माणसानंही वाट सोडून हेदर तुडवू नये असं माझं मत आहे. हरवलेली जागा मात्र वाट सोडल्याशिवाय सापडत नाही. म्हणून त्या शोधायला ऑगस्टच्या सुरुवातीचे दिवस, किंवा मग हिवाळ्यातला कोरडा, कडक थंडीचा दिवस. पीट गोठलेलं असतं आणि पाय रुतत नाही. चार वाजता अंधारतं एवढं ध्यानात ठेवा.

बूट घोट्याच्या वर येणारे, कागदी नकाशा, शिट्टी. पीटात एक पाय गेला तर दुसरा आपटून काढायला जाऊ नका, बसून मागे रेला आणि मग हळूहळू ओढा. अडचण आली तर ९९९ फिरवा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. मंडळी स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत. आणि डब्यात भाकरी घ्या, ब्रेडचा त्या वाऱ्यात अर्ध्या तासात खाकरा होतो. मुलाला आधी सांगून ठेवा कुठल्या मूरवर चाललात ते, नाव कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं इंग्रजी गावाचं नाव पोरांच्या लक्षात राहत नाही.